साहेब, पुढं कसं जायचं?

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैनांना अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे ठाऊक आहे आणि जुन्या वकिलांना एका दाव्यामुळे. देव एक, मूर्ती एक, पूजणारे दोन: श्वेतांबर आणि दिगंबर. १९०५ साली दोघांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढच्या पाच वर्षांत ती तडजोड विस्कटली आणि १९१० मध्ये श्वेतांबरांनी अकोल्याच्या कोर्टात दावा लावला. तिथला निकाल १९१८ चा. अपील ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात गेलं, त्याचा निकाल १९२३ ला लागला. १९२९ च्या जुलैत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं त्यावर शेवटची मोहर उठवली. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे, पूजा दोघांची, दिगंबरांनी ती १९०५ च्या वेळापत्रकाप्रमाणे करावी. वऱ्हाडातला दावा एकोणीस वर्षांत टेम्सकाठी जाऊन संपला. कागदावर तरी संपला.

१९८१ मध्ये मंदिराचं दार बंद झालं आणि मूर्तीचं दर्शन पुढची बेचाळीस वर्षं बाहेरूनच घ्यावं लागलं. २०२३ च्या फेब्रुवारीत हेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे होतं. न्यायालयानं दार उघडायला आणि मूर्तीला लेप द्यायला वाट करून दिली. मार्चमध्ये दार उघडलं आणि काही दिवसांतच दोन्ही बाजूंची माणसं पुन्हा समोरासमोर आली, पोलिसांना उतरावं लागलं.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो: प्रिव्ही कौन्सिलनं १९२९ मध्ये सगळं ठरवलं होतं, तर मग एवढी वर्षं भांडण कशाचं होतं? उत्तर लेपात आहे. ही मूर्ती वाळू आणि शेणाच्या मिश्रणातून घडली अशी श्रद्धा आहे. ती झिजते, म्हणून तिला अधूनमधून लेप द्यावा लागतो. श्वेतांबरांच्या मूर्तीच्या कमरेला कंदोरा आणि कटिसूत्र असतं, ते लेपातच उमटवायचं. चक्षू, टिळा, मुकुट वरून चढवायचे. दिगंबरांना देव निराभरण हवा. म्हणजे लेप हे नुसतं डागडुजीचं काम उरत नाही. लेप वाळला की देव कोणाचा दिसतो, हेही त्यात ठरतं. लेपाचा हक्क कोणाचा हे हुकूमनाम्यात आलं होतं. पण लेप कोणत्या दिवशी सुरू करायचा, किती दिवस चालेल, तोवर दुसऱ्या पक्षानं पूजा कुठे करायची, कंदोरा केवढा उमटवायचा, काम कोणाच्या डोळ्यांदेखत व्हायचं, आडवं कोणी आलं तर कोणाला कळवायचं, अशा प्रश्नांची यादी कोणत्याही निकालपत्रात मावत नाही. ती मागे उरते. आणि उरलेल्या यादीतच माणसं वर्षानुवर्षं अडकतात.

हे पुस्तक त्या उरलेल्या यादीबद्दल आहे. खटला चालू असताना किंवा निकाल लागल्यावर न्यायाधीशापुढे अर्ज करून ‘आता पुढची पायरी कोणती, ती कोणी आणि कशी चढायची’ असं विचारता येतं. त्या अर्जाचं शास्त्र पुढच्या पानांत मांडलं आहे. वकिलीच्या अभ्यासक्रमात या अर्जांना स्वतंत्र प्रकरण नाही. कोर्टातल्या बोलण्यात ते ‘किरकोळ अर्ज’ म्हणून ओळखले जातात आणि नावाप्रमाणेच त्यांच्याकडे पाहिलं जातं. माझं मत उलट आहे. हक्काचा निकाल लावणाऱ्या युक्तिवादांनी जेवढे खटले जिंकले-हरले गेले असतील, त्याहून जास्त खटले अशा अर्जांच्या असण्यानं-नसण्यानं रेंगाळले आहेत.

आपल्याकडे न्यायाधीशाला विचारायचं म्हटलं की दोन टोकाच्या समजुती आढळतात. पहिली भीतीची. ‘साहेबांना काय विचारायचं, साहेब रागावतील.’ दुसरी भाबडी: ‘साहेबच सांगतील काय करायचं ते.’ दोन्ही पक्षकारांना महागात पडतात. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे, १ जानेवारी १९०९ पासून लागू. म्हणजे शिरपूरचा दावा लागला तेव्हा ती वर्षभराची होती. या संहितेत न्यायाधीशाला विचारण्याच्या जागा किती ठिकाणी करून ठेवल्या आहेत, हे पाहिलं की भीती जाते. त्या जागांना कुंपणं किती घातली आहेत, हे पाहिलं की भाबडेपणाही जातो.

विचारण्याचं काम फक्त पक्षकाराचं नाही, न्यायाधीशाचंही आहे. संहितेच्या कलम ११३ आणि आदेश ४६ प्रमाणे खालच्या कोर्टाला एखाद्या कायद्याच्या मुद्द्यावर खराखुरा संशय असेल तर ते उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवून मत मागू शकतं. वाशीमच्या दिवाणी न्यायाधीशानं नागपूर खंडपीठाला विचारावं, यात कमीपणा नाही असं संहितेनंच ठरवलेलं आहे. मग बांधाच्या वादातल्या शेतकऱ्यानं विचारायला का लाजावं? कलम ९० आणि आदेश ३६ तर आणखी पुढे जातात: दोन्ही पक्षांनी मिळून प्रश्न लिहून काढायचा, करार करायचा आणि कोर्टाचं मत मागायचं, भांडण वाढण्याआधीच. शंभरावर वर्षं ही तरतूद पुस्तकात आहे आणि जवळपास कोणी वापरत नाही. कारण उघड आहे. प्रश्न एकत्र बसून लिहायला जेवढा समजूतदारपणा लागतो, तेवढा असता तर दोघं कोर्टात कशाला आले असते.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ असं सांगणाऱ्याला शेताचा बांध नसावा. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, या सहा तालुक्यांतल्या दिवाणी कोर्टांत जाऊन बसा. रोजच्या यादीत बांध, वाटणी आणि रस्ता या तिघांची गर्दी दिसेल. म्हणून उदाहरणंही तिथलीच घेतो.

अतिक्रमणाचा दावा घ्या. शेजाऱ्यानं सोयाबीन पेरताना दर हंगामाला बांध हातभर सरकवला, असं वादीचं म्हणणं. प्रतिवादी म्हणतो, बांध आजोबांच्या काळापासून इथेच आहे. दोघांच्या तोंडी पुराव्यानं काही ठरत नाही, मोजणीच लागते. संहितेच्या आदेश २६, नियम ९ प्रमाणे कोर्ट स्थानिक चौकशीसाठी कमिशनर नेमू शकतं आणि मोजणीच्या बाबतीत ते काम भूमी अभिलेख खात्याच्या अधिकाऱ्याकडे जातं. इथे वकील एक अर्ज देतो: ‘वादातील मिळकतीची मोजणी होणे न्यायाचे दृष्टीने आवश्यक आहे, तरी कोर्ट कमिशनर नेमण्यात यावा.’ कोर्ट त्यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं मागवतं, मग मंजूर करतं. पुढे खरा गोंधळ सुरू होतो. मोजणी फक्त वादीच्या गटाची करायची की प्रतिवादीच्याही? फक्त वादीच्या शेताची मोजणी झाली तर अतिक्रमण कोणाच्या बाजूनं किती, हे नकाशात येणारच नाही. मोजणी कोणत्या नकाशावरून? मूळ सर्व्हेच्या, एकत्रीकरणाच्या, की पोटहिश्श्याच्या? फी कोणी भरायची? नोटीस कोणी द्यायची आणि प्रतिवादी हजर राहिला नाही तर काम थांबवायचं की करायचं? शेतात पीक उभं असेल तर? कमिशनरनं अहवालात नुसती रेघ दाखवायची, की अतिक्रमणाचं क्षेत्र आरमध्ये लिहून द्यायचं?

यातलं काहीच अर्जात नसलं तर काही महिन्यांनी असा नकाशा येतो की दोन्ही पक्ष त्यावर हरकत घेतात, कमिशनरला साक्षीला बोलावलं जातं आणि बहुतेक वेळा सगळं पहिल्यापासून सुरू होतं. अर्जात हे सगळं मागितलं असेल तर कोर्टाला एका परिच्छेदात आदेश देता येतो आणि भूमापकाला तो वाचून शेतात उभं राहता येतं. चांगल्या अर्जाची हीच ओळख आहे: ज्यानं तो आदेश प्रत्यक्ष पार पाडायचा त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. अर्ज लिहिताना आपण न्यायाधीशाला लिहीत असलो तरी शेवटी तो वाचणार आहे बेलिफ, भूमापक, तलाठी, नाझर, ठाणेदार. या माणसांना निकालपत्रातली तत्त्वं नको असतात. त्यांना जागा, दिवस, नाव आणि कामाची मर्यादा हवी असते.

वाटणीच्या दाव्याची अडचण वेगळी आहे आणि ती शिरपूरच्या जवळ जाणारी आहे. बहिणीनं भावांवर वाटणीचा दावा लावला, कोर्टानं तिचा हिस्सा ठरवला, पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी ती वकिलाकडे येते: ‘वकीलसाहेब, निकाल लागला, पन शेत काही हातात आलं नाही.’ येणार कसं? शेतसारा लागणाऱ्या जमिनीच्या बाबतीत दिवाणी कोर्ट फक्त हिस्सा ठरवतं. संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष सरस-निरस पाहून वाटे पाडणं हे जिल्हाधिकाऱ्याचं काम आहे. हुकूमनामा तिकडे जावा लागतो, तहसीलमध्ये फाईल पोचावी लागते, मोजणी व्हावी लागते, वाट्यांना हरकती मागवाव्या लागतात. घर, प्लॉट, दुकान यांसाठी वाट निराळी: आधी प्राथमिक हुकूमनामा, मग अंतिम. आदेश २०, नियम १८ मध्ये प्राथमिक हुकूमनाम्याबरोबर ‘आवश्यक ते पुढील निर्देश’ द्यायची सोय स्पष्ट लिहिलेली आहे. तिचा उपयोग फार थोड्या निकालपत्रांत झालेला दिसतो. बहुतेक प्राथमिक हुकूमनामे हिश्श्याचा आकडा सांगून थांबतात.

प्राथमिक हुकूमनामा मिळाला की दावा निकाली निघाल्याची नोंद करून फाईल ठेवून द्यायची, मग पक्षकारानं वेगळा अर्ज करायचा, त्याला वेगळा नंबर पडायचा, अशी पद्धत देशभर चालत आली. सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात यावर बोट ठेवलं. वाटणीचा दावा अंतिम हुकूमनामा होईपर्यंत चालूच असतो. म्हणून अंतिम हुकूमनाम्यासाठी केलेला अर्ज म्हणजे कोर्टाला आपल्या राहिलेल्या कामाची दिलेली आठवण आहे, त्याला मुदतीचा कायदा लागत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. २०२२ च्या जूनमध्ये केरळातल्या एका वाटणीच्या प्रकरणात तेच न्यायालय आणखी पुढे गेलं: प्राथमिक हुकूमनामा झाला की खालच्या कोर्टानं पक्षकाराच्या अर्जाची वाट न पाहता अंतिम हुकूमनाम्यासाठी प्रकरण पुढे चालवावं. कायदा असा झाला. प्रत्यक्षात मात्र आठवण द्यावी लागतेच, आणि ती लेखी द्यावी. रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत, आलेली आठवण मोजली जाते. चेंबरबाहेरच्या बाकावर बसून शिरस्तेदाराला केलेली विनंती हवेत विरते.

अर्जातून काय मागता येत नाही, याबद्दल पुस्तकात एक मोठं प्रकरण आहे. ते वाचकांनी आधी वाचलं तरी चालेल.

हुकूमनामा बजावणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही, हे दिवाणी कायद्यातलं जुनं सूत्र आहे. दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीत, पक्षकारांमध्ये जे प्रश्न उठतील ते कलम ४७ प्रमाणे त्याच कोर्टानं सोडवायचे, त्यासाठी नवा दावा लावायचा नाही. पण सोडवताना हक्क पुन्हा तोलायचा नाही. शिरपूरच्या भाषेत सांगायचं तर, दार कधी उघडावं हे विचारता येतं. देव कोणाचा हे पुन्हा विचारता येत नाही. कागदावर ही रेघ ठळक दिसते, प्रत्यक्षात ती पुसट होत जाते. कंदोरा किती जाडीचा असावा हा ‘कसं’चा प्रश्न आहे की ‘कोणाचा’चा? प्रत्येक पक्षाला आपला प्रश्न पद्धतीचा आणि समोरच्याचा प्रश्न हक्काचा वाटतो. अशा जागी न्यायाधीशाची खरी कसोटी असते, आणि निकालपत्र लिहितानाच पुढची भांडणं ओळखून दोन परिच्छेद जास्त लिहिणारा न्यायाधीश किती मोलाचा असतो, हे तिथे कळतं.

कलम १५१ बद्दलही असाच गैरसमज आहे. या कलमात कोर्टाचे अंगभूत अधिकार राखून ठेवले आहेत आणि ज्या अर्जाला दुसरं कोणतंच कलम सापडत नाही त्याच्या डोक्यावर ‘दि. प्र. सं. कलम १५१ अन्वये’ असं लिहायची आपल्याकडे रीत आहे. या अधिकाराला काठ आहेत. सर्वोच्च न्यायालयाचा १९६० चा पदम सेन खटला त्यासाठी मुद्दाम वाचावा, तो मजेदारही आहे. एका दिवाणी दाव्यात प्रतिवादीनं अर्ज केला की वादीच्या हिशेबाच्या वह्या बदलल्या जातील, त्या ताब्यात घ्यायला कमिशनर नेमा. कोर्टानं अंगभूत अधिकारात नेमला. मग त्या कमिशनरला लाच देऊ केल्याचा गुन्हा दाखल झाला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पक्षकाराच्या पुराव्याचे कागद असे जप्त करायचा अधिकारच कलम १५१ मध्ये नाही. नेमणूक बेकायदा, म्हणून तो कमिशनर लोकसेवकच नव्हता, म्हणून लाचेचा हा गुन्हाही नाही. आरोपी सुटले. एका किरकोळ अर्जावर ‘मंजूर’ लिहिताना कलम तपासलं नाही, त्याचा शेवट असा फौजदारी अपिलात झाला.

दुसरी पळवाट अलीकडची आहे. निकाल लागून गेल्यावर ‘स्पष्टीकरणासाठी’ किंवा ‘निर्देशांसाठी’ अर्ज करायचा आणि त्याच्या पोटात निकालच बदलून मागायचा. पुनर्विलोकनाचा अर्ज केला तर त्याला निकष आहेत, मुदत आहे. स्पष्टीकरणाच्या नावाखाली ते दोन्ही चुकवता येतील असा हिशेब. मुंबई उच्च न्यायालयात ‘स्पीकिंग टू द मिनिट्स’ नावाची जुनी सोय आहे: आदेशात नाव, तारीख, आकडा चुकला असेल तर टिपणी देऊन तो दुरुस्त करून घ्यायचा. तिच्या आडून आदेशाचा गाभा बदलून घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये जयपूर विद्युत वितरण निगम आणि अदानी पॉवर राजस्थान यांच्या वादात, निकाली निघालेल्या प्रकरणात असा किरकोळ अर्ज आणल्याबद्दल त्याच न्यायालयानं अर्जदार अदानी कंपनीवर ५०,००० रुपयांचा खर्च बसवला. एवढ्या मोठ्या कंपनीला ती रक्कम काहीच नाही. पण मानोऱ्याच्या शेतकऱ्याला कोणी ‘निकाल झाला तरी एक अर्ज टाकून पाहू’ असा सल्ला देत असेल, तर त्यानं हा आकडा लक्षात ठेवावा.

देवस्थानांच्या आणि संस्थांच्या विश्वस्तांसाठी कायद्यानं आणखी एक दार ठेवलं आहे आणि ते आपल्या जिल्ह्यात अधिक वापरलं जायला हवं. कारंज्याचं गुरुमंदिर, पोहरादेवी, शिरपूर, याशिवाय गावोगावची संस्थानं, शिक्षणसंस्था, वाचनालयं. या सगळ्यांना १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. त्याच्या कलम ५६अ प्रमाणे विश्वस्ताला मालमत्तेच्या व्यवस्थापनातल्या प्रश्नावर जिल्हा न्यायालयाकडे मत, सल्ला किंवा निर्देश मागता येतात. इथे भांडण लागत नाही, प्रतिवादी लागत नाही. जुन्या देणगीपत्रातली अट आज कशी पाळायची, दोन कामांसाठी आलेला पैसा कोणत्या प्रमाणात खर्चायचा, असे प्रश्न घेऊन जाता येतं. ‘तुम्ही परस्पर का केलंत’ असं उद्या कोणी विचारण्याआधीच प्रश्न न्यायालयासमोर ठेवून, मिळालेल्या निर्देशाप्रमाणे वागायचं. प्रामाणिकपणे सगळी माहिती देऊन असा सल्ला घेणाऱ्याला त्या कृतीपुरतं संरक्षण असतं, हे तत्त्व १८८२ च्या भारतीय विश्वस्त अधिनियमाच्या कलम ३४ पासून आपल्याकडे आहे. अज्ञान (अल्पवयीन) मुलाच्या मालमत्तेच्या पालकाला १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात कलम ३३ खाली अशीच सोय आहे. अट एकच: माहिती लपवली तर संरक्षणही गेलं. आणि प्रश्न फार गुंतागुंतीचा, पुरावा घेतल्याशिवाय न सुटणारा असेल तर न्यायालय ‘यासाठी रीतसर दावा लावा’ असं सांगून परत पाठवू शकतं.

बाहेरच्या जगात हा विषय कुठवर गेला आहे, याचा धावता उल्लेख करतो. इंग्लंडमध्ये दाव्याच्या सुरुवातीलाच पक्षांनी न्यायाधीशापुढे जाऊन कागद कधी दाखवायचे, साक्षीदार किती, तज्ज्ञ कोण, हे ठरवून घ्यायची पद्धत जुनी होती. २६ एप्रिल १९९९ ला तिथे नवे दिवाणी नियम लागू झाले आणि हे ठरवणं न्यायाधीशाचं रोजचं काम बनलं. आपल्याकडे त्याचं रूप २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्यात आलं. त्यानं संहितेत आदेश १५-अ घातला, आणि व्यापारी दाव्यात सुरुवातीलाच एका सुनावणीत सगळं वेळापत्रक आखायचं ठरवलं. बांध-वाटणीच्या दाव्याला तो आदेश लागू नाही. पण लागू नाही म्हणून वकिलांनी तसं वेळापत्रक स्वतः सुचवू नये, असं कुठे आहे? मुद्दे निघाल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून एक पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, द्यावी: साक्षीदार अमुक इतके, मोजणीचा अर्ज अमुक तारखेच्या आत, कागदांच्या कबुली-नाकबुलीला एक तारीख. कोणताही न्यायाधीश अशा पुरसीसकडे आनंदानं पाहील. मी अशा पुरसीस पाहिल्या आहेत, पण फारच थोड्या. वकिलांना समोरच्या बाजूला काही कबूल करण्याची सवय राहिलेली नाही, आणि पक्षकाराला आपला वकील त्या बाजूच्या वकिलाशी बोलताना दिसला तरी तो फितूर झाला असं वाटतं.

या पुस्तकातले नमुने मराठीत आहेत, त्यामागे कारण आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला. त्याच महिन्यात राज्य शासनानं जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली. अडीच दशकांहून अधिक काळ लोटला तरी अर्जांचे साचे इंग्रजी राहिले आणि मराठीत आले तेही ‘सबब अर्जदाराची नम्र विनंती की’ अशा जुन्या फारसी-संस्कृत मिश्रणात. साचा जुना असायला हरकत नाही, कोर्टाला तो ओळखीचा वाटतो. पण मागणीच्या परिच्छेदात तरी सरळ मराठी हवी. ‘न्यायोचित आदेश व्हावेत’ ही मागणी नाही. ‘गट नंबर अमुक आणि तमुक या दोन्हींची मोजणी एकाच वेळी व्हावी, फी वादीनं आठ दिवसांत भरावी, दोन्ही पक्षांना पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी’ ही मागणी आहे. ती वाचून प्रतिवादीला नेमकं म्हणणं देता येतं. कित्येकदा अर्ध्या मागणीला तो ‘हरकत नाही’ लिहून देतो आणि तारीख वाचते.

नव्यानं सनद घेतलेल्या मुलामुलींनी एक सवय लावून घ्यावी. अर्ज लिहायच्या आधी प्रकरणाच्या रोजनाम्याची नक्कल काढावी आणि पहिल्या तारखेपासून वाचावी. फोनवरच्या ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख आणि टप्पा कळतो, तेवढ्यावर समाधान मानू नये. फाईल नेमकी कुठे अडली आहे हे रोजनाम्यातच दिसतं: नोटीस बजावून आलीच नाही, मयताचे वारस लागायचे राहिले, कमिशनरची फी भरलीच गेली नाही, पाचव्या निशाणीवरच्या मनाई अर्जाला दुसऱ्या बाजूचं म्हणणं वर्षभर आलेलं नाही. अडलेली जागा सापडली की अर्ज दहा ओळींत होतो. ती सापडली नाही की दहा पानांचा होतो आणि नामंजूर होतो.

वकील करण्याची ऐपत नसेल तर काय, हा प्रश्न वाचक विचारतील. न्यायाधीश हा कोणाचा सल्लागार नाही. एका बाजूला ‘तू असं कर’ म्हणून तो सांगू लागला तर दुसऱ्या बाजूचा त्याच्यावरचा विश्वास उडेल. म्हणून मोघम अर्जावर ‘पक्षकारानं कायदेशीर सल्ला घ्यावा’ एवढाच शेरा मिळतो आणि तो योग्यच असतो. तो सल्ला फुकट मिळायची जागा म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याची समिती. १९८७ च्या कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, दिव्यांग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. तिथे जाताना हुकूमनाम्याची प्रत, सातबारा आणि रोजनाम्याची नक्कल बरोबर न्यावी. आपल्याला नेमकं काय विचारायचं आहे ते एका कागदावर आपल्या भाषेत लिहून न्यावं. कोणत्या प्रश्नासाठी कोर्टाकडे जायचं, कोणत्यासाठी तहसीलदाराकडे आणि कोणत्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे, याचा तक्ता शेवटच्या प्रकरणात दिला आहे. शेतरस्त्याचा वाद असेल तर त्या तक्त्यापासूनच सुरुवात करावी.